वजन आणि कस

बॉक्सिंगचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते. कुणी मेरी कोमचे कौतुक करो, कुणी निखत झरीनचे, ऐकणारा हसून म्हणतो, "सगळं खरं हो, पण टायसनसमोर उभं केलं तर?" एवढे विचारले की जणू वाद मिटला. शाळेच्या स्टाफरूममध्ये, जळगावच्या चहाच्या टपरीवर, धुळ्यात देवपूरच्या मैदानाकडेला हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याचे उत्तर सविस्तर लिहावेसे वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वेगवेगळ्या वजनगटांतल्या खेळाडूंच्या कौशल्याची तुलना करता येते आणि ती करावीही. मात्र "कोण कुणाला पाडेल" हा त्या तुलनेचा प्रश्नच नाही. तो वजनाचा प्रश्न आहे. कौशल्याचा प्रश्न वेगळा असतो. तो आपण विचारत नाही, म्हणून आपल्या डोळ्यांदेखत चांगली मुले आणि मुली मागे राहतात.

जळगावकराला हे समजायला वेळ लागू नये. आपल्याकडे कापूस आणि केळी क्विंटलने मोजतात, सोने ग्रॅमने. कापसाची गाडी अंगठीपेक्षा जड असते म्हणून ती जास्त मोलाची, असे कुणी म्हणत नाही. आणि सोन्यातही सराफ नुसते वजन करून थांबत नाही, तो कस पाहतो. वजन म्हणजे माल किती, आणि कस म्हणजे माल कसा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आपल्या बाजारपेठेला माहीत आहे. खेळाडूंबद्दल बोलतानाच आपण ते विसरतो.

जोड लावणारी नजर

खानदेशातल्या यात्रांमध्ये कुस्त्यांची दंगल भरते. तिथे तराजू असतोच असे नाही. फडात जुने पैलवान, वस्ताद उभे असतात आणि ते जोड लावतात. दोन पोरे समोरासमोर उभी करून त्यांचे खांदे, मान, मांड्या पाहतात. वय विचारतात, कोणत्या तालमीत किती वर्षे मेहनत केली ते विचारतात. मग दोघांचे हात धरून फडात फिरवतात. जोड बरोबर लागली तर लोक खूश. चुकली तर प्रेक्षकच ओरडतात, जोड बरोबर नाही म्हणून.

म्हणजे वजनगट ही बाहेरून आलेली नवलाई नाही. असमान जोडीत कुणाचेच कौशल्य दिसत नाही, हे गावच्या प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. 90 किलोंच्या गड्याने 60 किलोंच्या पोराला चीत केले तर जिंकणाऱ्याचे काय दिसले? वजन. हरणाऱ्याचे काय दिसले? वजन नसणे. दोघांनी घाम गाळून शिकलेली ढाक, धोबीपछाड, एकेरी पट, घिस्सा हे सगळे डाव न वापरताच राहिले. वजनगट हा दुबळ्यांना दिलेला सवलतीचा पास नाही. कौशल्य दिसायला लागते ती जागा तो मोकळी करून देतो.

आपली एक म्हण आहे, मूर्ती लहान पण कीर्ती महान. ती कौतुकाने वापरली जाते, पण त्यातला "पण" मला नेहमी खटकतो. लहान मूर्तीची कीर्ती महान असणे हा अपवाद आहे, असे तो सुचवतो. हलक्या वजनाच्या खेळाडूकडे आपण याच "पण"मधून पाहतो.

गुणाकारही फसवतो, भागाकारही

मग तुलना करायची कशी? काही जण सोपा उपाय सांगतात. वजनाने भागा. उचललेले वजन भागिले स्वतःचे वजन. बॉक्सिंगमध्ये आकडे काढणे अवघड, म्हणून आधी वेटलिफ्टिंगचे उदाहरण घेऊ. तिथे सगळे किलोत आहे.

1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये नईम सुलेमानोग्लू नावाच्या तुर्की खेळाडूने 60 किलो वजनगटात एकूण 342.5 किलो वजन उचलले. त्यातला एक झटका 190 किलोंचा होता, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. त्याच्या वरच्या, 67.5 किलोंच्या गटात सुवर्णपदक मिळाले ते 340 किलोंना. म्हणजे हा पाच फुटांहून कमी उंचीचा माणूस वरच्या गटातही पहिला आला असता. बल्गेरियात जन्मलेल्या या मुस्लीम तुर्काचे नावच तिथल्या राजवटीने सक्तीने बदलले होते. 1986 मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेवेळी तो निसटला आणि तुर्कस्तानकडून खेळू लागला. त्याच्या आयुष्यावर वेगळा लेख होईल. इथे मुद्दा असा की त्याची थोरवी नुसत्या किलोंच्या बेरजेत शोधली तर सापडत नाही. त्याच ऑलिम्पिकमध्ये सर्वांत वरच्या गटातल्या विजेत्याने त्याच्यापेक्षा शंभराहून अधिक किलो जास्त उचलले होते.

मग भागाकार बरोबर का? तोही नाही. टोकियोत मीराबाई चानूने 49 किलो गटात 202 किलो उचलून रौप्यपदक मिळवले. हे वजनाच्या चौपटीहून जास्त झाले. त्याच स्पर्धेत 87 किलोंच्या वरच्या गटात चीनच्या ली वेनवेनने 320 किलो उचलून सुवर्ण जिंकले. तिचे वजन सुमारे दीडशे किलो, म्हणजे प्रमाण दुपटीच्या थोडे वर. मग मीराबाई तिच्या दुप्पट चांगली म्हणायची का? असे म्हणणे वेनवेनवर अन्याय होईल. शरीर वाढते तेव्हा ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही. आकार सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर स्नायूंच्या छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे ताकद, चौपट होते, पण वजन आठपट होते. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझे नेते आणि हत्ती नेऊ शकत नाही, त्यामागे हेच गणित आहे. नुसती बेरीज हलक्यावर अन्याय करते, नुसता भागाकार जडावर.

म्हणून वेटलिफ्टिंगमध्ये कॅनडाचे गणितज्ञ रॉय सिंक्लेअर यांच्या नावाचे एक सूत्र वापरतात. ते असे विचारते, की या वजनाच्या माणसांनी आजवर जास्तीत जास्त किती उचलले आणि हा खेळाडू त्याच्या किती जवळ पोहोचला? म्हणजे प्रत्येकाला त्याच्या वजनाच्या माणसांपासून मोजायचे आणि मग ती अंतरे एकमेकांशी ताडायची. माझ्या मते सगळ्या न्याय्य तुलनेचे मूळ याच कल्पनेत आहे.

रिंगणातले पुरावे

बॉक्सिंगमध्ये असे सूत्र नाही. तिथे जाणकार "पाउंड फॉर पाउंड" म्हणतात, म्हणजे सगळ्यांचे वजन सारखे धरले तर श्रेष्ठ कोण. ही कल्पना ज्याच्या नावाशी कायमची जोडली गेली तो शुगर रे रॉबिन्सन. मुहम्मद अलीसारखा हेवीवेट त्याला आपला आदर्श मानत असे. जगातला सर्वांत गाजलेला जड बॉक्सर आपल्याहून कितीतरी हलक्या माणसाकडून शिकत होता, एवढ्यावरच टपरीवरच्या त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

रॉबिन्सनची कारकीर्द नीट पाहिली तर कौशल्य वजनाला किती पुरे पडते आणि कुठे थांबते, दोन्ही दिसते. 1943 मध्ये जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवले, तेव्हा लामोटा त्याच्याहून 16 पाउंड, म्हणजे सुमारे 7 किलो जड होता. दोघे एकूण 6 वेळा लढले आणि बाकीच्या पाचही लढती रॉबिन्सनने जिंकल्या. त्या पराभवानंतर 1951 पर्यंत तो 91 लढतींत अपराजित राहिला. वेल्टरवेटचा विजेता, मग मिडलवेटचा विजेता. जून 1952 मध्ये तो आणखी वरच्या गटात, जोई मॅक्सिमविरुद्ध न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये उतरला. गुणांवर तो पुढे होता. पण उकाडा इतका भयंकर होता की आधी पंचच कोसळले आणि त्यांच्या जागी दुसरे आणावे लागले. 13 व्या फेरीनंतर रॉबिन्सनला स्टुलावरून उठता आले नाही. दोनशे लढतींच्या कारकिर्दीत तो मुदतीआधी हरला तो हा एकदाच. आपल्याहून जड अंग 13 फेऱ्या ढकलत राहण्याची किंमत त्याच्या शरीराने मोजली.

उलट उदाहरणही आहे. डिसेंबर 2024 मध्ये रियाधला ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला दुसऱ्यांदा हरवले, तेव्हा फ्युरी त्याच्याहून सुमारे 25 किलो जड होता. उसिक खालच्या, क्रूझरवेट गटातून वर आलेला. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाव 1998 मध्ये 51 किलोंच्या आसपासच्या गटात जगज्जेता झाला आणि 2010 मध्ये 70 किलोंच्या आसपासच्या गटात. एकूण 8 वजनगटांत किताब.

आपल्या मातीतले उदाहरण द्यायचे तर गामा पैलवान. गामा काही हलका नव्हता, पण उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर. 1910 मध्ये लंडनला त्याच्यासमोर आलेला पोलंडचा झिबिस्को अंगाने बराच जड होता. झिबिस्कोने काय केले? तो सुमारे अडीच तास मातीला, म्हणजे तिथल्या मॅटला, चिकटून पडून राहिला. त्याचे वजन त्याला वाचवण्याच्या कामी आले, जिंकण्याच्या नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही. 1928 मध्ये पतियाळ्यात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत पाडले.

या सगळ्यातून मी तीन कसोट्या काढतो. पहिली, खेळाडू आपल्या वजनाच्या लोकांपेक्षा किती पुढे होता आणि किती वर्षे. दुसरी, तो वरच्या गटात गेला तेव्हा त्याचे कौशल्य त्याच्याबरोबर गेले की खालीच राहिले. तिसरी, त्याच्याकडे किती तऱ्हेची उत्तरे होती. उंच, बुटका, डावखुरा, पळणारा, अंगावर येणारा, प्रत्येकासाठी काही होते का? या तीन कसोट्यांवर 48 किलोंची मुलगी आणि 110 किलोंचा पुरुष यांना एका ओळीत ठेवून बोलता येते. त्यासाठी त्यांना एकमेकांसमोर उभे करावे लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक गटाचे कौशल्यही वेगळे असते. हलक्या गटात ठोसे भराभर पडतात, पाय थांबत नाहीत, लढत बहुधा गुणांवर सुटते. जड गटात एक ठोसा सगळे संपवू शकतो, म्हणून तिथे वाट पाहणे, अंतर राखणे, एक चूकही न करणे हेच कौशल्य. हलक्यांचे चाहते जडांना "नुसती ताकद" म्हणून हिणवतात, तेही टपरीवरच्या प्रश्नाइतकेच अडाणीपणाचे आहे.

गट कोण ठरवते?

तुलनेत आणखी एक गोष्ट विसरली जाते. वजनगट आकाशातून पडत नाहीत, कुणीतरी ते ठरवते. 2012 मध्ये लंडनला महिलांचे बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आले तेव्हा गट होते फक्त तीन: 51, 60 आणि 75 किलो. मेरी कोमची जागतिक विजेतेपदे 45 ते 48 किलोंच्या गटांतली. तिला अंगावर किलो चढवून 51 मध्ये उतरावे लागले. उपांत्य लढतीत ती निकोला ॲडम्सकडून हरली आणि कांस्यपदक मिळाले. नुसते पदकाचे रंग मोजणारा म्हणेल, ॲडम्स श्रेष्ठ. त्या दिवशी त्या गटात होतीच. पण 48 किलोंचा गट असता तर काय झाले असते, हा प्रश्न पदकांच्या तक्त्यात दिसत नाही.

निखत झरीनचेही तसेच. नांदेडच्या पलीकडे, तेलंगणातल्या निजामाबादची ही मुलगी 2022 मध्ये इस्तंबूलला 52 किलो गटात जगज्जेती झाली. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 52 चा गट नव्हता, 50 चा होता. ती 50 मध्ये उतरली आणि 2023 मध्ये दिल्लीत त्याही गटात जगज्जेती झाली. पॅरिसमध्ये ती चीनच्या वू यूकडून लवकर हरली. दोन वर्षांत दोन गटांत जगज्जेती होणे हे कौशल्य गटाबरोबर प्रवास करते याचे उदाहरण आहे, आणि पॅरिसचा पराभव ते पुसत नाही. आपल्या मोहल्ल्यांत निखतच्या हिजाब-शॉर्टवर चर्चा करणाऱ्यांना तिच्या डाव्या हाताबद्दल दोन वाक्ये बोलता येतात का, असे विचारून पाहावे.

आपल्या महाराष्ट्राचा हिशेब

आता घरातला हिशेब. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत मिळवले. वजनगट 57 किलो. त्याच स्पर्धेत केशव माणगावे वरच्या गटात चौथे आले. खाशाबांचे कौशल्य कशाच्या जोरावर उभे होते? 1948 ला लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले होते, तेही मातीत घडलेला पैलवान मॅटवर उतरून. चार वर्षांत ते वरच्या गटात गेले आणि पदक घेऊन आले. माझ्या दुसऱ्या कसोटीला ते पुरेपूर उतरतात. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार मिळालाच नाही.

भारताची वजनगटांच्या खेळांतली सगळी ऑलिम्पिक पदके एका ओळीत मांडून पाहा. कुस्तीत खाशाबा 57, सुशील कुमार 66, योगेश्वर दत्त 60, साक्षी मलिक 58, रवी दहिया 57, बजरंग पुनिया 65, अमन सेहरावत 57. बॉक्सिंगमध्ये विजेंदर सिंग 75, मेरी कोम 51, लवलिना बोर्गोहेन 69. वेटलिफ्टिंगमध्ये कर्णम मल्लेश्वरी 69, मीराबाई चानू 49. पंच्याहत्तर किलोंच्या वर एकही नाही.

आणि आपण महाराष्ट्रात कुणाची मिरवणूक काढतो? महाराष्ट्र केसरीची. ही स्पर्धा 1961 पासून चालते. 1962 ची धुळ्यात झाली, 1966 ची जळगावात, तेव्हा आपला खानदेश या परंपरेचा सुरुवातीपासूनचा भागीदार आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षे ही गदा जिंकली. पुढे पोलीस अधिकारी म्हणून 2023 मध्ये कॅनडात विनिपेगला जागतिक पोलीस स्पर्धेत 125 किलो गटाचे सुवर्णही आणले. सोलापूरच्या बोरामणीच्या एकाच शेख घराण्यातले तीन भाऊ, इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल, महाराष्ट्र केसरी झाले. त्यांच्याबद्दल अभिमान आहेच, आणि तो असावा.

पण महाराष्ट्र केसरीचा खुला गट 86 किलोंच्या वरच्यांसाठी आहे. त्याच अधिवेशनात 57, 61, 65 किलोंच्याही कुस्त्या होतात. गेल्या वर्षी 57 किलोंत राज्यात पहिला कोण आला, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? ज्या वजनात खाशाबांनी आणि नंतर रवी दहिया, अमन सेहरावत यांनी पदके आणली, त्याच वजनाच्या मराठी पोराचे नाव वर्तमानपत्रात शेवटच्या ओळीत येते, तेही आले तर. चांदीची गदा, चारचाकी, फ्लेक्स, सगळे वरच्या एका गटासाठी. मग कोणता बाप आपल्या 55 किलोंच्या मुलाचा खुराक तीन-चार वर्षे पोसेल? तो मुलाला सांगतो, अंग वाढव नाहीतर सोड. मुलगा अंग वाढवतो, चपळाई हरवतो आणि वरच्या गटात मधल्यामध्ये अडकतो.

काट्यावरची मुले

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. पॅरिसमध्ये विनेश फोगटने पहिल्याच दिवशी, तोवर परदेशी खेळाडूकडून न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीला हरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर तिचे वजन 50 किलोंच्या वर 100 ग्रॅम भरले आणि अंतिम फेरी हातची गेली. ती एरवी 53 किलोंची खेळाडू. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या कुस्तीआधी रात्रभरात साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवले. एकाचे जमले, एकीचे नाही. कौशल्याची तुलना शेवटी घामाच्या आणि पाण्याच्या हिशेबावर आली.

हे ऑलिम्पिकपुरते असते तर मी लिहिलेही नसते. शालेय स्पर्धेच्या आदल्या दिवशी चौदा-पंधरा वर्षांची मुले पाणी तोडतात, दोन-दोन स्वेटर घालून उन्हात पळतात, थुंकून थुंकून वजन उतरवतात. जळगावच्या उन्हात हे काय करू शकते ते वेगळे सांगायला नको. खालच्या गटात पदक सोपे, पदकाने दहावीला सवलतीचे गुण, पुढे नोकरीत खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण. हिशेब चुकीचा नाही, पण वाढत्या वयाच्या मुलाच्या मूत्रपिंडावर तो करू नये. वजनगट मुळात न्यायासाठी काढला. त्याला चकवून आपल्याहून लहान अंगाच्या मुलाला हरवणे म्हणजे पुन्हा वजनानेच जिंकणे. फक्त चोरून.

वर्गातले वजनगट

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दू शायरीत वजन हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. मिसरा वजनात असला पाहिजे, म्हणजे त्याने आपल्या बहरचे मोजमाप पाळले पाहिजे. छोट्या बहरची गझल लांब बहरच्या गझलेपेक्षा कमी प्रतीची, असे कोणताही उस्ताद म्हणणार नाही. मीरची छोट्या बहरमधली हुकमत सर्वांना मान्य आहे. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्या चार छोट्या ओळींत मावतात. शायर आपल्या बहरमध्ये किती उतरला, हे आधी पाहतात. दोन बहरांतल्या शायरांची तुलना त्यानंतर सुरू होते. बॉक्सिंगची तुलना याहून वेगळी का असावी?

आणि मुलांची तरी का? यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या बापाची, घरात शिकणारी पहिली मुलगी उर्दू माध्यमातून 72 टक्के मिळवते. शहरातल्या डॉक्टरांचा मुलगा तीन शिकवण्या लावून 85 मिळवतो. नातेवाईक लगेच दोघांना एका रिंगणात उभे करतात. मी असे म्हणत नाही की 72 हे 85 पेक्षा जास्त आहेत. ते नाहीत. पुढे स्पर्धा परीक्षेत दोघांना एकाच खुल्या फडात उतरायचे आहे, आणि तिथे कुणी जोड लावायला येणार नाही, हेही त्या मुलीला मी स्पष्ट सांगतो. पण कोणाने किती अंतर कापले हे विचारायचे असेल, तर प्रत्येकाला त्याच्या सुरुवातीपासून मोजावे लागेल. रॉबिन्सनला मोजले तसे.

याच कारणासाठी वजनगट "सवलत" आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. गटात उतरणाऱ्याला गटातल्या सगळ्यांना हरवावे लागते. कुणी त्याला गुण फुकट देत नाही. आणि गटात मोठा झालेला खेळाडू वर जाऊ पाहतो तेव्हा त्याला अडवूही नये. पॅकियाव खालच्या गटात घडला म्हणून वर टिकला.

शेवटी काही साध्या गोष्टी मागतो. यात्रा कमिट्यांनी दंगलीत मानाची एक कुस्ती 60 किलोंच्या आतल्या मल्लांची लावावी, आणि तिचे इनाम नारळ-फेट्यावर भागवू नये. स्थानिक वर्तमानपत्रांनी जिल्हा स्पर्धेचे सर्व गटांचे विजेते नावानिशी छापावेत. क्रीडाशिक्षकांनी निवड करताना फक्त रांगेतली उंच मुले पुढे बोलावू नयेत, बारक्या मुलालाही हातमोजे घालून पाहावेत. स्पर्धेच्या आठवड्यात कुणाचे वजन किती उतरले याची नोंद ठेवावी, आणि पाणी तोडणाऱ्या मुलाला सरळ वरच्या गटात उतरवावे. आणि मुलींसाठी बॉक्सिंगची बॅच निघाली तर घरच्यांनी आधी एकदा जाऊन सराव पाहावा, निर्णय नंतर घ्यावा.

एवढे केले तर दहा वर्षांनी जळगाव-धुळ्यातून 48 किंवा 57 किलोंचे एखादे नाव देशाला माहीत होईल. तेव्हाही टपरीवर कुणीतरी विचारेलच, टायसनसमोर उभं केलं तर? त्याला फक्त इतकेच विचारा, तुमच्या टायसनला 48 किलोंवर आणून लढवलं तर?